उधन्याच्या खात्यातलं मागचं दार

मी मोठ्यानं बोलतो. फोन आला की बायको मला गॅलरीत पाठवते, आणि मग सगळ्या सोसायटीला कळतं की माझी साखर पुन्हा वाढली आहे. दोष लूमचा. तरुणपणी शिंदखेड्याकडून सुरतेला आलो आणि तिथल्या उधन्यात लूम, म्हणजे यंत्रमाग, चालवायला लागलो. त्या खडखडाटात काही वर्षं काढली की कानाचं जे व्हायचं ते होतं. कान गेला म्हणून आवाज वाढला, आवाज वाढला म्हणून बाकीच्यांनी मला मालकाशी बोलायला पुढे ढकललं, आणि असा मी पुढारी झालो. माझ्या सत्कारात लोकांनी माझ्या नेतृत्वगुणांवर बरीच भाषणं केली, पण खरी हकीकत एवढीच आहे.

आधी युनियन, मग महापालिकेत नगरसेवक, आणि आता घर. मधल्या निवडणुका, हारतुरे, पक्षातल्या कुरबुरी यांचं सांगत बसलो तर वाचणाऱ्याला झोप लागेल. लोक मला विचारतात, कामगार पुढारी म्हणजे नेमकं करतो काय? त्यांना वाटतं, मोर्चे आणि घोषणा. मोर्चे काढले, नाही असं नाही. पण बहुतेक वेळ मी खुर्चीत बसून लोकांचं ऐकत होतो, तेही उजव्या कानानं, कारण डावा केव्हाच कामातून गेला होता.

उदाहरण द्यायचं तर खाटेचं देतो. सुरतेतल्या नवागामला एका खोलीत दिवसपाळीची आणि रातपाळीची माणसं मिळून राहतात. एक कामाला जातो, दुसरा येऊन त्याच खाटेवर आडवा होतो. अशा एका खाटेचे दोन मालक माझ्याकडे भांडत आले. एक शिरपूरचा, एक ओडिशातल्या गंजामचा. शिरपूरवाला डोक्याला इतकं तेल चोपडायचा की उशी गंजामवाल्याच्या गालाला चिकटायची. दोघे तोवर कधी जागेपणी एकमेकांना धड भेटलेही नव्हते, आणि वैर मात्र हाडाचं. मी गंभीर चेहरा करून दोन्ही बाजू ऐकल्या आणि निकाल दिला : खाट एक, उशा दोन. दोघेही खूश होऊन गेले. पुढं शिरपूरवाल्याच्या लग्नाला गंजामवाला पार खानदेशात जाऊन नाचून आला.

नगरसेवक झाल्यावर गिऱ्हाईक आणखी रंगीत झालं. गल्लीतल्या कुत्र्याची दुसऱ्या वॉर्डात बदली करा, असं सांगणारी एक आजी होती. मी म्हटलं, आजी, बदली माणसांची होते. ती म्हणाली, मग त्याला माणसासारखं समजावून सांगा, तुमचा आवाज मोठा आहे. एका गृहस्थाला आपल्या जावयाची दारू सोडवणारं पत्र पालिकेच्या शिक्क्यानिशी हवं होतं. या सगळ्यांना मी चहा पाजला. चहानं निम्मी कामं होतात आणि उरलेली निम्मी उद्यावर जातात.

आता थोडं धंद्याचं सांगतो, म्हणजे पुढची गोष्ट कळेल. सुरतेत लूमच्या कारखान्याला खातं म्हणतात. युनियनवाल्याच्या हातात एकच जोर असतो, खातं थांबवणं. नगरसेवकाच्या हातातही फिरूनफिरून तेवढंच. नियम मोडला असेल तर पाठपुरावा करून खात्याला सील लावायला लावायचं. दोन्ही उपाय मालकावर उगारायचे आणि लागतात मात्र आधी कामगाराला. लूमवाल्याची मजुरी कापडाच्या मीटरवर असते. लूम थांबला की चूल थांबली. त्यातून बहुतेकांची भरती मुकादमाच्या तोंडी शब्दावर. जो तोंड उघडतो त्याला मुकादम सांगतो, उद्यापासून येऊ नको. बस, संपलं. युनियनचं नाव काढायची सोय नाही.

अशाच एका खात्यातून इंदूबाई माझ्याकडे आली. माझ्या कचेरीत दर रविवारी सकाळी गर्दी असे. नळ, गटार, दिवे, दाखले. इंदूबाई रांगेत न थांबता सरळ पुढं आली. पन्नाशीची, उंच, आवाज माझ्याइतकाच खणखणीत. मागे तिची मुलगी आशा. आशाचा एक पाय लहानपणापासून अधू, भिंतीला हात लावत चालायची. दोघी खात्याच्या वरच्या मजल्यावर बॉबिन भरायच्या कामाला होत्या.

"जयभीम, आप्पा," इंदूबाई म्हणाली. "माले नळ नको का लाइट नको. तू आम्हनं दार उघाडी दे."

अहिराणीत थोरामोठ्यांनाही तू म्हणतात. माझ्या शेजारी पक्षाचे एक कार्यकर्ते बसले होते, त्यांच्या भुवया वर गेल्या.

"कोणतं दार?" मी विचारलं.

"खातानं मांगलं दार. शेठनी इटा लाईसन बुजी टाकं. लोखंडना जिना बाहेर तसाच लटकेल शे, आन् आतमा भित. आग लागनी ते आम्ही कोठे जावानं? मन्हं काय, मी पडी-धडी निंघी जासू. पन आशा?"

आशा खाली मान घालून उभी होती. आपल्यामुळं आईला कुणापुढं बोलावं लागतंय याची तिला लाज वाटत असावी.

मी माझी ताकद दाखवायला म्हटलं, "बाई, काळजी सोड. मी खात्याला सील लावायला लावतो."

"सील?" ती जवळजवळ ओरडलीच. "खातं बंद व्हयनं ते आम्ही खावानं काय? दार उघाडानं, खातं बंद नही करानं. इतलंच काम शे."

इतलंच! माझ्या दोन्ही हत्यारांवर तिनं एका वाक्यात पाणी ओतलं. मी कार्यकर्त्यांकडं पाहिलं, ते पंख्याकडं पाहत होते.

दोनच दिवसांत मी त्या खात्यावर गेलो. मालक रमणिकशेठ. माणूस वाईट नव्हता, हे सांगायला हवं, नाहीतर लोक लगेच खलनायक उभा करतात. त्याच्या बापानं स्वतः लूम चालवून खातं उभं केलं होतं, आणि लहानपणी शेठही बापाच्या हाताखाली तुटल्या तारांना गाठी मारायला शिकला होता. मागच्या दारानं बॉबिनची पोती चोरीला जायची. एकदा गेली, दोनदा गेली, तिसऱ्यांदा त्यानं गवंडी बोलावून दार चिणून टाकलं. त्याच्या हिशेबानं प्रश्न मिटला.

मी मागच्या गल्लीत जाऊन पाहून आलो. लोखंडी जिना भिंतीला धरून वरपर्यंत चढला होता आणि वरच्या कठड्यावर समोर नुसत्या विटा. त्या कठड्यावर कबुतरं बसली होती. आत वर जायला-यायला एकच जिना, अरुंद, आणि त्याच्या निम्म्या पायऱ्यांवर पुठ्ठ्याची खोकी रचलेली. मी कामगार होतो तेव्हा असे जिने रोज चढलो-उतरलो आणि कधी मनात काही आलं नाही. त्या दिवशी मात्र आशा हा जिना कशी उतरत असेल, हे डोळ्यांसमोर आणून पाहिलं.

"आवो आवो, साहेब, बेसो," शेठनं काचेच्या केबिनमध्ये बसवलं. मी दाराचा विषय काढला. तो हसला. "साहेब, तुम्हाला कोण सांगतं हे? माझ्या माणसांना काही त्रास नाही. चला, तुमच्यासमोरच विचारतो."

चहाच्या सुट्टीत त्यानं खालच्या मजल्यावरच्या सगळ्या कारागिरांना बोळात उभं केलं. मुकादम बाजूला, डोळे माणसांवर. शेठ हिंदीत म्हणाला, "बोलो भाई, जिसको पीछे के दरवाजे की तकलीफ है, हाथ ऊपर करो."

एकही हात वर गेला नाही. त्यात माझ्या गावाकडची माणसं होती, मला मतं दिलेली माणसं होती. सगळी आपापल्या चपलांकडं पाहत होती. मला राग आला नाही. मी त्यांच्या जागी उभा राहिलेला आहे, मुकादमाची ती नजर मला ठाऊक आहे. पण इंदूबाईला काय सांगायचं, या विचारानं तोंड कडू झालं.

"जोयुं ने, साहेब?" शेठ म्हणाला. "कोईने तकलीफ नथी. चला, चहा घेऊ."

माणसं लूमवर परतली, खडखडाट सुरू झाला, आणि आम्ही केबिनमध्ये चहा घ्यायला बसलो. मी मनातल्या मनात निघायची वाक्यं जुळवत होतो. तेवढ्यात एक लूम थांबला.

एवढ्या लूम्समधला एक थांबला तर बाहेरच्या माणसाला कळतही नाही. पण शेठनं आणि मी एकदमच मान वळवली. दोघेही लूमच्या पोटचे. लूम थांबणं यात काही नवल नाही. ताण्याची, म्हणजे उभ्या धाग्यांतली, एखादी तार तुटते, कारागीर दांडी ओढून लूम थांबवतो, गाठ मारतो, पुन्हा चालू. दिवसात असं कितीदा तरी होतं. त्यासाठी कुणी कुणाला बोलत नाही, बोलून उपयोगही नसतो.

मग दुसरा थांबला. मग पलीकडच्या रांगेतला. मग एकाला लागून एक. शेठनं कप खाली ठेवला. आवाज पातळ होत होत गेला, आणि शेवटचा लूम थांबला तेव्हा मला पंख्यांची घरघर ऐकू आली. त्या खात्यात पंखे आवाज करतात हे बहुधा त्या दिवशी सगळ्यांना पहिल्यांदाच कळलं असेल.

शेठ तरातरा पहिल्या लूमपाशी गेला. मी मागोमाग.

"क्या हुआ?"

"तार टूट गया, सेठ," गंजामकडचा एक कारागीर म्हणाला.

पुढच्या लूमवर आमच्याकडचा माणूस. "तार तुटनी, शेठ."

त्याच्या पुढच्यावरही तेच. सगळ्या रांगेत तेच.

मी वाकून ताणा पाहिला. तुटलेली तार एक नव्हती. मूठभर होत्या, एकाच जागी, जवळजवळ. तार आपोआप तुटते तेव्हा इथं एक, तिथं एक अशी तुटते. मुठीएवढ्या तारा एका जागी तुटायला माणसाचा हात घालावा लागतो. त्या प्रत्येकानं आपल्या हातानं आपला ताणा तोडला होता. वाचणाऱ्याला हे काय विशेष वाटेल माहीत नाही. मी सांगतो. लूमवाला झोपेतसुद्धा तार जपतो. ताण्याजवळून जाताना अंगठी काढून ठेवणारे कारागीर मी पाहिलेत. त्या सगळ्या तारा ओढून जोडायला दिवस मोडणार होता, आणि तो दिवस त्यांचाच बुडणार होता. ज्यांना हात वर करायचं बळ झालं नाही, त्यांनी हे केलं. मी आयुष्यभर एकजुटीवर भाषणं ठोकली, पण एकजूट अशी दिसते हे मी तोवर पाहिलं नव्हतं. मी तिथं हात जोडून उभा राहिलो असतो तर मला लाज वाटली नसती.

शेठही गाठी मारायला शिकलेला. त्यालाही सगळं दिसलं.

"इतने सारे? सबके? एक साथ?"

"बीम खराब आया है, सेठ," कुणीतरी मागून म्हणालं. ताणा गुंडाळलेला रूळ म्हणजे बीम, आणि ते शेठनंच आणवलेले.

मुकादम चवताळून पुढं आला, पण कुणाला धरायचं हेच त्याला कळेना. तार तुटली म्हणून माणूस काढता येत नाही. आणि काढायचं म्हटलं तर सगळे काढावे लागले असते.

आणि तेवढ्यात ज्याचा विचार कुणीच केला नव्हता ते घडलं. वर बॉबिन भरणाऱ्या बायकांना खालचं काही माहीत नव्हतं. खात्यात आवाज आहे तोवर सगळं ठीक, हे तिथं काम करणाऱ्याच्या हाडीमासी भिनलेलं असतं. एक-दोन लूम थांबणं निराळं. सगळा आवाज जातो तो एक तर लाइट गेल्यावर, नाहीतर काहीतरी भयंकर झाल्यावर. लाइट तर होती, पंखे फिरत होते. वर कुणीतरी किंचाळलं, आणि सगळ्या बायका एकदम जिन्याकडं धावल्या.

तो जिना मी आधी सांगितलाच आहे. पहिल्या चार-पाच जणी उतरल्या, मग एक खोकं कोसळलं, त्यावर दुसरं. आशाचा पाय त्यात अडकला आणि ती मधल्या पायरीवर आडवी झाली. मागच्या थांबेनात, पुढच्यांना सरकता येईना. बायका एकमेकींच्या पाठीवर दाबल्या जात होत्या. इंदूबाई वरून ओरडत होती, "थांबा! थांबा वं माय! पोर पडनी!" कुणीच थांबत नव्हतं. भीतीला थांब म्हटलेलं कळत नाही.

शेठ धावला. हे मी डोळ्यांनी पाहिलं. मुकादमाला बाजूला ढकलून तो जिन्यावर चढला, खोकी खाली भिरकावली आणि आशाला बगलेत धरून ओढून काढलं. आम्ही खाली हात धरून एकेकीला उतरवलं. आशाचा घोटा सोलवटला होता, एकीच्या बांगड्या फुटून हातात घुसल्या होत्या. त्यापेक्षा जास्त कुणाला काही झालं नाही. पण आग नसताना हे झालं होतं, आणि ते त्याला आमच्यापैकी कुणी समजावून सांगायची गरज उरली नव्हती.

तो पायरीवर बसला. शर्टाला आशाच्या घोट्याचं रक्त लागलेलं. मग मुकादमाला म्हणाला, "कडियाने बोलाव." कडिया म्हणजे गवंडी.

त्याच दिवशी भिंतीवर घण पडला. कारागीर एकीकडं आपापल्या तारा जोडत होते आणि वर विटा पडत होत्या. चोरीसाठी शेठनं दाराला आतून ढकलताच उघडणारा दांडा बसवला आणि मागच्या गल्लीत पहारेकरी ठेवला. हे त्याला आधीही सुचलं असतं, पण जाऊ दे.

पहिली तार कुणी तोडली, हे मी पुढं कितीतरी जणांना विचारलं. खासगीत, चहा पाजून, खांद्यावर हात ठेवून. सगळे माझ्याकडं निष्पाप चेहऱ्यानं पाहायचे आणि म्हणायचे, "आप्पा, बीमच खराब व्हता." मी त्यांच्यातला म्हणून निवडून आलो, आणि त्यांनी मला शेठच्या शेजारी केबिनमध्ये बसवून ठेवलं. मला थोडं लागलं. पण त्यांचं बरोबर होतं. मी बोलायचा धंदा करणारा माणूस, माझ्या तोंडाचा भरवसा त्यांनी का धरावा?

यानंतर कितीतरी महिन्यांनी एका दुपारी मुकादमाचा फोन आला. "साहेब, आग लगी है." पुढचं मला ऐकूच आलं नाही, किंवा मी ऐकलं नाही. गाडी काढायला माणूस नव्हता, रिक्षानं निघालो. उधन्याच्या त्या रस्त्यावर दुपारची टेम्पोंची गर्दी, आणि लांबूनच काळा धूर दिसत होता. मी आयुष्यात फारसा देवधर्म केला नाही. त्या रिक्षात मात्र काय काय पुटपुटलो ते रिक्षावाल्यालाच ठाऊक.

वरच्या मजल्याला आग होती. वायर जळाली, पुठ्ठ्यानं पेट घेतला. पुढच्या जिन्याचं नुसतं धुरांडं झालं होतं, तिथून कुणाला उतरता आलं नसतं. बंब पाणी मारत होते. मी मागच्या गल्लीत धावलो, म्हणजे माझ्या वयाला जमेल तेवढं धावलो.

गल्लीत बायका ओळीनं जमिनीवर बसल्या होत्या. तोंडं काळी, डोळे लाल, कुणी खोकत होतं, कुणी एकमेकींना पाणी पाजत होतं. रमणिकशेठ त्यांच्यामधून फिरत होता आणि प्रत्येकीला तिचं नाव विचारत होता. इतकी वर्षं त्या त्याच्या खात्यात होत्या, पण त्याला नावं माहीत नव्हती. मला पाहून तो म्हणाला, "बधा छे, साहेब. बधा छे." सगळे आहेत. एवढं म्हणून तो रडायला लागला. खात्याचं किती गेलं हे ना मी विचारलं, ना त्यानं सांगितलं.

दुसऱ्या दिवशीच्या पेपरात आगीची बातमी कोपऱ्यात होती. माणसं मेली नाहीत की बातमी लहान होते. माझ्या सगळ्या कारकिर्दीत मला अभिमान वाटावा अशी तीच बातमी आहे, आणि त्यात माझं नाव नाही, इंदूबाईचंही नाही.

पण त्या गल्लीतलं एक सांगायचं राहिलं. इंदूबाई भिंतीला टेकून बसली होती, पदरानं आशाचं तोंड पुसत. मी तिच्याजवळ उकिडवा बसलो. माझ्या डोळ्यांसमोर तो पहिला जिना होता, एकमेकींच्या पाठीवर दाबलेल्या बायका होत्या. या वेळी तर खरी आग होती, खरा धूर. आणि एकीच्याही अंगावर खरचटल्याची खूण नव्हती.

"इंदूबाई," मी विचारलं, "पळापळ नाही झाली?"

तिनं माझ्याकडं असं पाहिलं, की एवढी साधी गोष्ट या माणसाला कशी समजत नाही.

"त्या दिनपाईन आम्हनं ठरेल व्हतं, आप्पा," ती म्हणाली. "आशानी पुढे चालानं, मंग बाकीनं. पळापळ कशी व्हई? पुढे आशा व्हती."